ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक अडतं कुठे?

दोन किलो कुरडया पुण्याला पाठवायच्या आहेत. घरच्या काट्यावर तोलल्या, दोन किलोच भरल्या. कुरिअरच्या पावतीवर मात्र सात किलोंच्या वरचा आकार लागला. काटा बरोबर आहे, कुरिअरवालाही लबाडी करत नाही. मग वरचे पाच किलो आले कुठून?

ते आले खोक्यातून. गाडीत जागा मोजकी असते आणि हलका पण फुगीर माल ती उगाच अडवून बसतो. म्हणून कुरिअर कंपन्या दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानावरचं. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला साधारण ५००० ने भागायचं. (भाजक कंपनीनुसार थोडा बदलतो.) येणारा आकडा किलोंमध्ये असतो आणि दोन्हींपैकी जे वजन जास्त, त्याचे पैसे लागतात. खोकं ४० बाय ३० बाय ३० चं असेल तर गुणाकार ३६,००० आणि वजन ७.२ किलो. कुरडया दोन किलो आणि बाकीची हवा, पण भाडं सगळ्याचं.

आता समजा, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीतल्या एखाद्या बचत गटाने आपलं ऑनलाइन दुकान काढलं. उन्हाळ्यात केलेल्या कुरडया, शेवया आणि पापड आहेतच. या पट्ट्यात अद्रक भरपूर, म्हणून आलेपाक आणि सुंठही ठेवली. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली, शे-दोनशे जणांनी उघडून पाहिली, बऱ्याच जणांनी वस्तू पिशवीत टाकल्या आणि ऑर्डर मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. गटातल्या बायका म्हणणार, मालात खोट आहे का? माल चांगला आहे. गिऱ्हाईक लिंकपासून पैशांपर्यंत जाताना वाटेत कुठेतरी अडलं. ती वाट बहुतेक वेळा शहरात, मोठ्या पडद्यावर, दणकट वायफायवर बसून आखलेली असते आणि तिच्यावरून चालणाऱ्याच्या हातात साधा फोन आणि दोन दांड्यांची रेंज असते. खालच्या जवळपास सगळ्या चुका यातूनच निघतात.

शेवटच्या पानावर फुटणारा आकडा

सुरुवात खोक्यापासूनच करू. दुकानाच्या पानावर लिहिलंय, दोन किलो कुरडया ७०० रुपये. गिऱ्हाईक खूश होऊन नाव, पत्ता, नंबर सगळं भरतं आणि शेवटच्या पानावर 'एकूण १,०५०' दिसतं. साडेतीनशे वाढले कशाचे? खोक्यातल्या हवेचे. पण हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते फोन बाजूला ठेवतं.

डेन्मार्कमधली बेमार्ड ही संस्था ऑनलाइन दुकानांच्या रचनेचा वर्षानुवर्षं अभ्यास करते. जगभरातल्या पाहण्या एकत्र करून तिने काढलेली सरासरी सांगते की पिशवीत वस्तू टाकणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक पैसे न भरताच निघून जातात. यातले कित्येक जण नुसते बघे असतात, त्यांचं वाईट वाटून घेऊ नये. पण ज्यांना खरंच घ्यायचं होतं, त्यांच्या कारणांत पहिला नंबर आयत्या वेळी वाढलेल्या खर्चाचा लागतो.

आपल्याकडे ही गोष्ट आता नुसत्या सोयी-गैरसोयीची राहिलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तिच्या १३ प्रकारांची यादी दिली. 'ड्रिप प्रायसिंग', म्हणजे किंमत थेंबाथेंबाने उघड करणं, हा त्यातलाच एक. न विचारता पिशवीत दुसरी वस्तू किंवा देणगी सरकवणं, 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणं, नको म्हणणाऱ्याला खजील करणारं बटण ठेवणं, हे प्रकारही तिथे आहेत. छोट्या दुकानदाराच्या मनात बहुधा लबाडी नसते. तयार साचा विकत घेतलेला असतो आणि खोटं घड्याळ त्या साच्यातच टिकटिकत असतं. ते शोधून बंद करावं.

भाड्याचा इलाज दोन टोकांनी करता येतो. कुरडया थरांत रचून ३५ बाय २५ बाय २५ च्या खोक्यात बसवल्या तर वजन ४.३७५ किलोवर येतं, म्हणजे भाडं बरंच उतरतं. आणि वस्तूच्याच पानावर पिनकोड टाकायला एक चौकोन ठेवायचा, की भाडं तिथल्या तिथे कळेल. माझं विचाराल तर थोडं भाडं किमतीतच मिसळावं आणि उरलेलं आधीच सांगावं. 'डिलिव्हरी फुकट' हे आमिष कुरडईसारख्या फुगीर मालाला झेपत नाही.

चार एमबीची कुरडई

याच्याही आधी एक अडथळा येतो. पान उघडतच नाही.

आजच्या फोनवर काढलेला फोटो सहज चार एमबीचा असतो. बारा वस्तूंचे बारा फोटो तसेच चढवले तर झाले ४८ एमबी. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून ४८ ला आठने गुणायचं. ३८४ मेगाबिट. सेकंदाला ४ मेगाबिट असा बेताचा वेग मिळाला तर पान पूर्ण दिसायला ९६ सेकंद लागतील. दीड मिनिट पांढऱ्या पडद्याकडे कोण बघत बसेल?

फोनच्या पडद्यावर तो फोटो जेमतेम चार बोटं रुंद दिसणार. त्याला हजार-बाराशे ठिपक्यांची रुंदी पुरते. तेवढा लहान करून वेबपी या दाबलेल्या प्रकारात साठवला की तो शंभरेक केबीवर येतो. मग बारा फोटो मिळून सव्वा एमबीच्या आत बसतात आणि त्याच वेगाला अडीच सेकंदांत पान उघडतं. शिवाय पडद्याखालचे फोटो वाचक खाली सरकेल तेव्हाच मागवायचे, अशी सोय बहुतेक साच्यांत असते. ती सुरू आहे ना, एवढं पाहायचं.

ही चूक नवी नाही. लंडनचं बू डॉट कॉम हे फॅशनचं ऑनलाइन दुकान नोव्हेंबर १९९९ मध्ये मोठ्या गाजावाजात उघडलं. कपडे गोल फिरवून पाहता यायचे, मिस बू नावाची बोलकी बाहुली सल्ला द्यायची. पण तेव्हा लोकांच्या घरी टेलिफोनच्या तारेवरचं रांगतं इंटरनेट होतं आणि तिथे ती सगळी सजावट उतरायलाच जीव जायचा. साडेतेरा कोटी डॉलरच्या घरात भांडवल खर्चून मे २००० मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. बुडण्याची कारणं आणखीही होती, उधळपट्टी तर होतीच. पण पानाच्या जडपणाचा दाखला आजही तिच्याच नावाने देतात.

चौकट : लिंक गटावर टाकण्याआधी
घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड फोन घ्या. वायफाय बंद करा. भर दुपारी अंगणात उभं राहून दुकान उघडा आणि खरे पैसे भरून एक ऑर्डर द्या. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं उन्हात वाचता येतात का? अंगठ्याने एक बटण दाबताना शेजारचं दाबलं जातं का? हेच काम मग अशा नातेवाइकाला द्या, ज्याने हे दुकान कधी पाहिलेलं नाही. तो चाचपडत असताना त्याला काही सांगू नका, नुसतं पाहा.

'घरगुती, चविष्ट, दर्जेदार'

पान उघडलं. खाली मजकूर काय? घरगुती, चविष्ट, दर्जेदार. हे तीन शब्द जगातल्या कोणत्याही कुरडईला लागू पडतात. घेणाऱ्याला कळायला हवं ते वेगळंच असतं. गव्हाच्या चिकाची की तांदळाची? पाकिटात किती नग? गहू किती दिवस भिजवले? मीठ-हिंग आहे का? फोटोतली कुरडई तळलेली आहे की कच्ची? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. तळल्यावर कुरडई चांगली फुलते, आणि तळलेलीचा फोटो पाहून कच्ची मागवणाऱ्याला वाटतं, छोटी देऊन फसवलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवून खाली लिहिलं की तक्रारच येत नाही. एका फोटोत कुरडई तळहातावर धरलेली असावी, म्हणजे आकार आपोआप कळतो.

साडीच्या दुकानात हाच प्रश्न आणखी नाजूक होतो. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळपास तसाच सुबक दिसतो, यंत्रावरच्या नकलेत मागे कापलेले धागे लोंबतात. जाणती बाई दुकानात साडी आधी उलटी करून बघते. ऑनलाइन दुकानं मात्र पदराचे सुलट बाजूचे पाच फोटो टाकतात आणि उलट बाजूचा एकही नाही! ज्याच्याकडे खरा माल आहे त्याने तरी हा फोटो टाकायला हवा.

काही माहिती तर कायद्यानेच द्यावी लागते. बंद पाकिटातली वस्तू ऑनलाइन विकताना कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता वगैरे पानावर दाखवावं लागतं. खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हवा. पॅकिंगचा महिना-वर्ष ऑनलाइन पानावर लिहिण्याची वजनमाप नियमांत सक्ती नाही, पण 'यंदाच्या उन्हाळ्यातली' हे ज्याच्या पानावर दिसेल त्याची कुरडई आधी खपेल.

आधी खातं उघडा!

अमेरिकी डिझाइन-अभ्यासक जेरेड स्पूल यांनी एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची गोष्ट लिहिली आहे, दुकानाचं नाव त्यांनी दिलेलं नाही. पैसे भरण्याआधी तिथे 'नोंदणी करा' असं बटण होतं. लोक वैतागायचे. जुन्या गिऱ्हाइकांनाही आपण कोणता ईमेल दिला होता ते आठवत नसे, आणि कित्येकांची दोन-दोन खाती झाली होती. ते बटण काढून 'पुढे चला' एवढंच ठेवलं आणि नोंदणी ऐच्छिक केली. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली.

कुरडयांसाठी पासवर्ड कशाला? नाव, मोबाइल, पत्ता. बस.

मु. पो., ता., जि.

पत्त्याच्या अर्जात मात्र गाव खरोखर हरवतं. तयार साचे परदेशी पत्त्यांच्या घडणीचे असतात. त्यांना घर क्रमांक, रस्ता, अपार्टमेंट, शहर, राज्य हवं असतं. आपल्याकडचा माणूस लिहितो मुक्काम पोस्ट अमुक, तालुका, जिल्हा, आणि शेतवस्तीवर राहत असेल तर गट नंबर. अपार्टमेंटचा रकाना सक्तीचा असला की तो तिथे एक टिंब टाकून पुढे जातो. काही अर्ज देवनागरी घेतच नाहीत, कारण बनवणाऱ्याने 'फक्त अक्षरं चालतील' असं ठरवताना अक्षरं म्हणजे ए ते झेड एवढीच धरलेली असतात. काही अर्ज घेतात, पण पार्सलवरची चिठ्ठी छापणाऱ्या प्रणालीत मराठी फाँट नसतो आणि पत्त्याच्या जागी रिकामे चौकोन उमटतात.

या गोंधळात भरवशाचा आधार पिनकोडचा. तो आपल्याच माणसाने घडवला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले दोन टपाल परिमंडळ, पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमकं वाटप करणारं पोस्ट. म्हणून आपल्या भागातले पिन ४३१ ने सुरू होतात.

इथे एक खास अडचण आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचं आणि नंतर जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, पण कित्येक दुकानांच्या यादीत अजून जुनंच नाव आहे. काहींत नवंच आहे, काहींत दोन्ही आहेत. शिवाय बिहारातही एक औरंगाबाद जिल्हा आहे आणि त्याचा पिन ८२४ ने सुरू होतो. नुसत्या नावावर विसंबून यादी लावली तर पार्सल गयेच्या बाजूला फिरायला जाईल. त्यात देवगाव नावाची गावं राज्यात अनेक आहेत आणि रोमन लिपीत कुणी देवगाव लिहितो, कुणी देओगाव. तेव्हा निर्णय आकड्यांवर सोडावा, नावं फक्त दाखवण्यापुरती.

पण आकड्यांनाही मर्यादा आहे. एका पिनखाली अनेक गावं आणि वस्त्या येतात. पिन टाकताच गावाचं नाव आपोआप भरून त्याला कुलूप लावणारे अर्ज म्हणूनच तापदायक होतात. नाव सुचवावं, पण खोडता आलं पाहिजे. आणि 'जवळची खूण' हा रकाना शेवटी कुठेतरी दडवू नये. पार्सल घेऊन आलेला पोरगा दत्तमंदिर, पाण्याची टाकी आणि झेडपीची शाळा यांवरूनच घर शोधतो.

पैसे गेले, ऑर्डर नाही

सगळ्यात जास्त मनस्ताप या टप्प्यावर होतो. आणि दुकान बनवणाऱ्याला तो क्वचितच दिसतो, कारण त्याच्या फोनवर सगळं सुरळीत चालतं.

एक चूक तर उघड्या डोळ्यांनी दिसते. पैसे भरायच्या पानावर क्यूआर कोड येतो आणि खाली 'स्कॅन करा'. ज्या फोनवर तो कोड आहे त्याच फोनने तो कसा टिपायचा? मोठ्या पडद्यासाठी केलेली सोय मोबाइलवर तशीच उतरवली की हे होतं. मोबाइलवर थेट यूपीआय अ‍ॅप उघडणारं बटण हवं, कोड फक्त संगणकावर दाखवावा.

दुसरी चूक आत दडलेली असते. गिऱ्हाईक बटण दाबतं, यूपीआय अ‍ॅप उघडतं, पिन टाकला जातो, पैसे कटतात. इकडे साध्या फोनची मेमरी अपुरी पडते, म्हणून अँड्रॉइड मागे उघडं असलेलं दुकानाचं पान निमूटपणे बंद करून टाकतो. गिऱ्हाईक परत येतं तेव्हा पान नव्याने उघडतं. पिशवी रिकामी, ऑर्डर नाही.

ऑर्डर का नोंदली गेली नाही? कारण या दुकानाची रचना अशी की गिऱ्हाईक 'धन्यवाद' या पानावर पोचलं तरच ऑर्डर लिहायची. म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकाला कन्नडच्या बँकेत पैसे भरायला पाठवावं आणि तो परत येऊन सांगेल तेव्हाच वहीत नोंद करावी, तसा हा प्रकार. परतीची एसटी वाटेत बंद पडली तर? पैसे जमा आहेत, वही कोरी. शहाणा दुकानदार बँकेलाच सांगून ठेवेल की पैसे आले की मला फोन कर. पैशांची देवघेव करणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रणेत हा फोन असतोच. त्यांचा संगणक दुकानाच्या संगणकाला परस्पर निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो जोडलेला असेल तर गिऱ्हाइकाचा फोन बंद पडो की रेंज जावो, ऑर्डर नोंदली जाते. तो जोडलाय का, हा प्रश्न दुकान बनवणाऱ्याला नाव घेऊन विचारावा आणि 'हो' म्हणाला तर पैसे भरता-भरता पान बंद करून दाखवायला सांगावं.

अडकलेल्या पैशांचं काय? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलंय की दुकानदाराला केलेला यूपीआय व्यवहार खात्यातून पैसे कटूनही पक्का झाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत, पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. पण वेबहुकच्या चुकीत पैसे दुकानाला पोचलेले असतात, तिथे हा नियम कामाला येत नाही. पैसे दुकानदारालाच शोधून परत करावे लागतात. 'पैसे कटले पण ऑर्डर दिसत नाही? इथे कळवा' एवढी ओळ त्या पानावर असली की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे भरत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप गटावर बोंबही ठोकत नाही.

मराठी दिसते, सापडत नाही

मोठ्या कंपन्यांनाही मराठीकडे वळायला वेळ लागला. २०२० च्या अखेरीस मनसेने आंदोलन केलं आणि २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनवर मराठी आली. छोट्या दुकानाला ती पहिल्या दिवसापासून ठेवता येते, पण नुसतं भाषांतर करून भागत नाही.

इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळींमधलं अंतर ठेवलं तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. हे निदान डोळ्यांना दिसतं. शोधाच्या चौकटीतली गडबड दिसतही नाही. 'ॲ' हे अक्षर संगणकात एका तुकड्यात लिहिता येतं किंवा 'अ'ला अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र लावून तीन तुकड्यांतही. वाचणाऱ्याला दोन्ही सारखी, संगणकाला दोन वेगळे शब्द. 'ॲल्युमिनियमचा डबा' एका पद्धतीने लिहिला आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्या पद्धतीने शोधला तर उत्तर येतं, 'काहीही सापडले नाही'. आलेपाक आणि आले पाक, गांव आणि गाव, तशीच गत. त्यातून मराठी माणूस फोनवर निम्म्या वेळा रोमनमध्ये टाइप करतो, आणि कुरडईचं स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं. प्रत्येक वस्तूमागे तिची अशी सगळी रूपं गुपचूप लिहून ठेवायची जागा असते. ती रिकामी ठेवू नये. पंधरा-वीसच वस्तू असतील तर शोधाची चौकट काढूनच टाकावी, यादीच पुरे.

दारावरून परत

रोखीने, दारात पैसे देण्याची सोय फ्लिपकार्टने २०१० मध्ये सुरू केली आणि भारतात ऑनलाइन खरेदीला खरे पाय फुटले. ती काढून टाकली तर नवखं गिऱ्हाईक येत नाही. ठेवली तर काही पार्सलं दारावरून परत येतात. घरी कुणी नव्हतं, नंबर चुकला, मन बदललं. जाण्याचं भाडं गेलेलं असतंच, बऱ्याचदा येण्याचंही द्यावं लागतं. दुसरा माल परत आला तर पुन्हा विकता येतो. दोनदा प्रवास केलेल्या कुरडयांचा चुरा होतो.

यावर उपाय पानाच्या मांडणीतच आहेत. रोखीच्या ऑर्डरला मोबाइलवर आलेला ओटीपी घ्यायचा, म्हणजे चुकीचा नंबर तिथेच कळतो. 'पाच ते सात दिवसांत' असं मोघम न लिहिता पिनकोडनुसार अंदाजे तारीख द्यायची. पार्सल निघालं की गटाचं नाव ठळक असलेला मराठी संदेश पाठवायचा, नाहीतर अनोळखी नंबरवरून फोन आला की लोक उचलत नाहीत. भाड्यापुरती रक्कम आधी घेऊन बाकी दारात घेणं हाही मधला मार्ग आहे, पण तो पहिल्या खरेदीला लावू नये.

आणि संपर्काचं पान. तिथे नुसता अर्ज असतो, भरून पाठवला की कुठे जातो कळत नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचा संपर्क देणं अपेक्षित आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. गटाकडे एकच फोन असेल आणि तो सांभाळणारी ताई सकाळभर शेतात असेल, तर पानावर तसंच लिहावं : फोन दुपारी तीन ते सहा, एरवी व्हॉट्सअ‍ॅप.